सात नंबरमागची मोहरी

हे तुम्हीच केलंत, वर बसलेल्यांनी. तुमची नावं घेण्यात अर्थ नाही. नावं दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, खुर्ची तीच राहते. आकाशात उपग्रह सोडता, त्यातून देशातला बांध न् बांध मोजता, आणि सात नंबरच्या इमारतीमागे चार चटया मावतील एवढा जो तुकडा आहे त्याला म्हणायचं काय, एवढं तुम्हाला ठरवता येत नाही. एका हंगामात तुम्ही त्याला तीन नावं दिलीत. दर नव्या नावाबरोबर लान सूचिंगच्या मोहरीपाशी कुणीतरी साहेब येऊन उभा राहिला. ती मोहरी तुमच्या वाटेत नव्हती. ती लानच्या मुलाच्या गाडीच्या डिकीत जायची होती.

डिकीचं काय ते आधी सांगितलं पाहिजे. सिचुआनच्या त्या भागात तरणं माणूस गावात दिसतच नाही. सगळी पोरं शेन्झेनला नाहीतर तसल्याच कुठल्या शहरात. नव्या वर्षाच्या सणाला ती दोन-दोन दिवस गाडी हाकत घरी येतात, आठवडाभर खातात, झोपतात, आईबापाचा फोन दुरुस्त करून देतात आणि परत निघतात. निघायच्या दिवशी आई डिकी भरते. धुरी दिलेलं डुकराचं मांस, सॉसेजच्या माळा, भुशात खुपसलेली अंडी, मिरचीच्या लोणच्याच्या बरण्या, आणि सगळ्यात वर त्या सकाळी उपटलेली भाजी, मुळांना माती तशीच. पोरगा म्हणतो, "आई, पुरे, तिकडे सगळं मिळतं." आई म्हणते, "मिळतं, पण ते काय माणसांनी खायचं असतं?" डिकी बंद झाली नाही तर आई धड. पहिल्या दणक्यात बंद झाली, की शेजारणी एकमेकींकडे बघतात आणि काही बोलत नाहीत. न बोलणंच वाईट.

लान काकूंच्या गावात शेतं होती तोवर या परीक्षेत त्या कधी नापास झाल्या नव्हत्या. मग गाव पाडलं. भातखाचरांवर अकरा-अकरा मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि गावकऱ्यांना त्यांच्याच शेतावर, पण हवेत, राहायला दिलं. काकूंना सात नंबरमध्ये नववा मजला आला. त्यांचं खाचर खाली तिथंच कुठंतरी होतं, त्याच्यावर फरशी, फरशीवर पार्किंग, आणि उरलेल्या जागेत लांबून गुंडाळ्या करून आणलेली हिरवळ. हिरवळीवर पाटी: चालू नये. ज्या जमिनीत पन्नास वर्षं गुडघाभर चिखलात उभं राहिलो तिच्यावर आता चालूही नये.

गेल्या सणाला काकूंनी बाजारातून मुळे आणले. बाजारातले मुळे असतात धुतलेले, चकचकीत, सरकारी पाहुण्यासारखे. काकूंनी पार्किंगच्या कडेची माती बादलीत कालवली आणि मुळ्यांना फासायला बसल्या. नवरा, म्हातारा मोउ, दारातून बघत होता.

"एखादा किडाही सोड," तो म्हणाला. "नुसत्या चिखलावर कोण विश्वास ठेवतंय."

"तू जा, माजाँगच्या सोंगट्या मांड."

मुळे शेन्झेनला पोचले. तिथं सुनेने ते नळाखाली धरले, तर चिखलाखाली सुपरमार्केटचं स्टिकर. तिने फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आई, तुमच्या शेतात बारकोड पण उगवतो का?" पुढे हसरे चेहरे. मुलगा चुनलिनने नुसता एक अंगठा टाकला, आणि तो कशाला टाकला हे काकूंना वर्षभर कळलं नाही.

म्हणून यंदा शरद लागताच काकूंनी सात नंबरच्या मागे, कुंपणाच्या झुडपांआड, जिथं दुपारपर्यंत ऊन असतं तिथली हिरवळ गालिच्यासारखी गुंडाळून बाजूला ठेवली आणि खालची माती खणली. खाली काळी, ओळखीची माती निघाली. त्यात त्यांनी रुंद पानांची मोहरी लावली, कडेने लसूण, आणि एका कोपऱ्यात वाटाणा.

सोसायटीचा मॅनेजर दुआन हा पोरगा काही वाईट नव्हता. त्याच्या अंगावर कंपनीचा सूट आणि हातात भोंगा असायचा, आणि दोन्ही त्याला मोठे होत. रोपं बोटभर झाली तोच तो आला.

"काकू, हे लॉन आहे."

"वरून आहे. खालून माझं खाचर आहे."

"खालचं मला बघायचं नाही. सुसंस्कृत शहर ठरवायची तपासणी येतेय. भाजी दिसली तर आपले गुण जातात."

"भाजी खाणारा सुसंस्कृत नसतो का रे? तू काय खातोस, गवत?"

दुआनने खाली मान घालून सगळी रोपं उपटली. जाताना त्यांची जुडी मात्र काकूंच्या हातात दिली, फेकली नाही. तपासणी आली, लोकांनी गवताचे फोटो काढले, तपासणी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी तीच जुडी परत मातीत खोचली. मोहरी बेशरम असते, जगली. या वेळी काकूंनी प्रत्येक रोपाला लाल रिबन बांधली.

"हे काय?" दुआन म्हणाला.

"फुलझाड."

"फूल कुठाय?"

"येईल. लग्न जमायला तुलाही वेळ लागतोयच ना."

शेजारची गोउ काकू तिथंच उभी होती, ती एवढी हसली की तिला कुंपणाला धरावं लागलं. गोउचा भाऊ अजून डोंगरात शेती करायचा, म्हणून दर सणाला तिच्या मुलाची डिकी दोरीने बांधावी लागायची. ही गोष्ट ती कुणी न विचारताच सांगायची. दुआनने फुलझाड मान्य केलं. त्याला भांडायचं नव्हतं, त्याला नोकरी टिकवायची होती. आणि रिबनमुळे फोटो चांगला येत होता.

थंडी पडली. मोहरीची पानं सुपाएवढी झाली. काकू रोज सकाळी नवव्या मजल्यावरून खाली वाकून बघत आणि मगच दात घासत.

आणि मग शेंग साहेब आले. शेंग साहेब म्हणजे गावच्या सरकारी कचेरीतले जमिनीचे साहेब. ते पळत आले. साहेब माणूस पळताना दिसला की समजावं, वरून काहीतरी पडतंय. त्यांच्या हातात टॅब होता, टॅबवर नकाशा, आणि नकाशावर सात नंबरपासून नऊ नंबरपर्यंतची सगळी हिरवळ पिवळी रंगवलेली.

"पिवळं म्हणजे काय?" दुआनने विचारलं.

"शेतजमीन," शेंग साहेब म्हणाले. त्यांच्या कपाळावर त्या थंडीतही घाम होता.

झालं होतं ते असं. पलीकडे कारखान्यासाठी शेतं घेतली तेव्हा नियमाप्रमाणे तेवढीच नवी शेतजमीन दुसरीकडे तयार करून दाखवायची होती. दुसरीकडे जमीन नव्हती. मग कुणीतरी नकाशावर या हिरवळीभोवती रेघ ओढली. हिरवं ते हिरवं, आकाशातून कोण ओळखतंय. रेघ ओढणाऱ्याला बढती मिळाली आणि तो गेला. आता उपग्रहाला शंका आली होती की हे शेत फारच नीट कापलेलं आहे. तपासणी चारच दिवसांवर आली होती.

त्या दुपारी दुआन भोंगा घेऊन आवारात फिरला. "सर्व रहिवाशांनी ताबडतोब लॉनमध्ये भाजी लावावी. भाजी लावणं प्रत्येकाचं कर्तव्य आहे."

खाली माजाँगची चार टेबलं लागली होती. एकही माणूस उठला नाही. म्हातारा मोउ सोंगटी टाकत म्हणाला, "शरदात तूच उपटत होतास ना?"

"तेव्हा ते लॉन होतं, आजोबा."

"आणि आता?"

"आता शेत आहे."

"आणि माझी ही सोंगटी बांबूच्या चित्राची आहे का रे, की तेपण कचेरीत विचारून येतोस?"

रहिवासी हलेनात, तेव्हा शेंग साहेबांनी घाऊक बाजारातून ट्रकभर कोबी आणवला. मजूर लावून हिरवळीत भोकं पाडली आणि एकेका भोकात एकेक कोबी बसवला, सरळ रांगेत, शाळेच्या प्रार्थनेसारखा. मुळं कुणालाच नव्हती, ती बाजारातच छाटलेली. गोउ काकू कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"काल रात्री नव्हता आणि आज गड्डा धरला," ती म्हणाली. "हा कोबी आमच्या सुनेपेक्षा चपळ आहे."

पहिल्या संध्याकाळी आवारातल्या सगळ्या बायका फिरायला निघाल्या. फिरायला जाताना त्यांचे हात रिकामे होते, येताना नव्हते. सकाळी रांगांना बोळक्यासारख्या खिंडी पडलेल्या. शेंग साहेबांनी कोबीवर पहारा बसवला. जगात कुठं लॉनवरच्या कोबीला पहारेकरी असतो का? इथं होता, आणि त्याला टोपी पण होती.

तपासनीस बाई आल्या, सडपातळ, पायात खेळाडूचे बूट. रांगांमधून चालता चालता त्यांनी एका कोबीला बुटाचं टोक लावलं. मुद्दाम की चुकून, देव जाणे. कोबी गडगडत निघाला आणि दुआनच्या पायाशी येऊन थांबला. दुआनने तो उचलला. मग त्याला कळेना की आता हा धरायचा की ठेवायचा, तर तो बाळासारखा कुशीत घेऊन उभा राहिला.

शेंग साहेब घाईघाईने म्हणाले, "मॅडम, आपण जरा मागे बघू या. मागे जुनी लागवड आहे."

आणि बाईंना त्यांनी लान काकूंच्या मोहरीपाशी नेलं. वाटेतच त्यांनी मागे हात करून दुआनला खूण केली, तशी त्याने पुढे पळून सगळ्या लाल रिबनी तोडून खिशात कोंबल्या.

बाई वाकल्या. मातीत बोटं घातली, एक पान मोडलं, वास घेतला. "ही खरी आहे," त्या म्हणाल्या. कचेरीच्या माणसांनी सुटकेचा श्वास सोडला. काकूंचा फोटो काढला. काकूंनी त्यासाठी केस मागे सारले, आणि क्षणभर त्यांना वाटलं, की चला, सरकारला एकदाची आपली मोहरी पटली.

"माती फार छान आहे," बाई म्हणाल्या. "मग इथं भाजी का? ही धान्याची जमीन आहे. धान्याच्या जमिनीत धान्यच पाहिजे. सणाच्या आधी हे काढा आणि गहू पेरा."

"आता गहू?" काकू म्हणाल्या. "या थंडीत? बाई, गव्हाची वेळ कधीच गेली. तो उगवायचा नाही."

बाई गाडीकडे निघाल्या होत्या. उत्तर शेंग साहेबांनी दिलं, खालच्या आवाजात. "काकू, उगवायचा नाहीये. पेरायचा आहे."

वाचणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावं. या देशात कितीतरी वर्षं असंच पेरणं चाललंय.

सण दाराशी आला होता. चुनलिन गाडी काढणार, सण करणार आणि सणानंतर परतणार. मोहरी आज काढली तर तोवर तिचं लोणचं घालायला हवं, नाहीतर गुरांना. ताजी जायची तर ती निघायच्या सकाळपर्यंत मातीत उभी राहायला हवी. शेंग साहेब म्हणाले, उद्या माणसं येतील. काकू वर आल्या, जेवल्या नाहीत. म्हाताऱ्या मोउने भात पुढे सरकवला.

"सरकारी हेल्पलाइनला फोन लाव," तो म्हणाला. "आमच्या टेबलावरच्या दाढीवाल्याने गटाराचा लावला होता. गटार तसंच आहे, पण साहेब लोक त्याला घरी येऊन सफरचंदं देऊन गेले."

काकूंनी फोन लावला. पलीकडे एक गोड मुलगी.

"नमस्कार. आपली तक्रार सांगा."

"तक्रार नाही. प्रश्न आहे. सात नंबरच्या मागची जमीन ही जमीन आहे कुठली? लॉन, शेत, की धान्याचं शेत? एक काय ते सांगा, मी त्याप्रमाणे वागते."

मुलीने यादी चाळली. "काकू, माझ्याकडे कचरा आहे, पाणी आहे, आवाज आहे, लिफ्ट आहे. प्रश्न असा प्रकार नाहीये."

"मग आवाजात टाक. मी ओरडते."

काकू खरंच ओरडल्या. मुलीने आवाजात टाकलं.

ती तक्रार प्रांताच्या राजधानीत गेली, तिथून जिल्ह्याला उतरली, जिल्ह्यातून गावच्या कचेरीत, कचेरीतून शेंग साहेबांच्या टेबलावर, आणि शेंग साहेबांनी ती ज्याच्या आवारात आवाज झाला त्याला दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात दुआन उभा, हातात फळांची परडी.

"काकू, आपल्या तक्रारीचं उत्तर द्यायला आलोय."

"तुझी तक्रार केली आणि उत्तर द्यायला तूच?"

"पद्धत आहे."

"दे मग."

दुआनने परडी पुढे केली. "उत्तर अजून आलेलं नाही. फळं आलीत."

मग त्याने खरं काय ते सांगून टाकलं, कारण पोरगा मुळात साधा. हेल्पलाइनवरून काकूंना फोन येणार होता: समाधानी की असमाधानी? असमाधानी म्हणाल्या की कचेरीचा नंबर जिल्ह्यात खाली जाणार, आणि शेंग साहेबांचा सणाचा बोनस त्याच्याबरोबर. आणि जोवर प्रकरण मिटत नाही तोवर त्या जागेला कुणी हात लावायचा नाही, असा वरचाच नियम.

"म्हणजे मी काही बोलले नाही तर मोहरी उभी राहणार?"

दुआनने होकारासाठी डोळे एकदा मिटून उघडले. काकूंनी परडीतलं एक केळं सोलून त्याला दिलं.

त्या दिवसापासून लान काकूंसारखी मोठी बाई त्या आवारात नव्हती. फोन यायचा, "काकू, आपण समाधानी आहात का?" काकू म्हणायच्या, "विचार करते." शेंग साहेब स्वतः आले, चहा प्याले, म्हाताऱ्या मोउबरोबर माजाँग खेळून मुद्दाम हरले.

"काकू, मी तुम्हाला डिकीभर भाजी घेऊन देतो," ते म्हणाले. "बाजारातली, एक नंबर."

"स्टिकर काढून देणार का?"

साहेबांना ते कळलं नाही. मोउला कळलं, आणि त्याला चहाचा ठसका लागला.

"साहेब, मला भाजी नको. उत्तर लिहून द्या. एक ओळ. ही जमीन अमुक आहे."

"काय लिहू? सोसायटीच्या आराखड्यात ते लॉन आहे. नकाशात शेत आहे. मॅडमच्या अहवालात धान्य आहे."

"खरं ते लिहा."

"खरं लिहायचे अधिकार मला नाहीत हो, काकू," शेंग साहेब म्हणाले. आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला, की काकूंनी त्यांना अर्धा कप चहा आणखी ओतला.

ते गेल्यावर मोउ म्हणाला, "तुझं समाधान इतकं महाग आहे हे लग्नात कुणी सांगितलं असतं, तर मी आधीच पळालो असतो."

"तुझ्या हातात कधी नव्हतंच ते."

चुनलिन आला. सण झाला. दारांवर लाल कागद लागले, टेबलं लागली, सून, तिचं नाव वेइची, जिना चढता-उतरता सात नंबरच्या मागे डोकावून आली आणि पहिल्यांदाच काही न लिहिता नुसते फोटो टाकत राहिली. कोबीचा पहारेकरी सणाला घरी गेला, तशा उरल्यासुरल्या रांगाही कुणाकुणाच्या पातेल्यात गेल्या. मोहरी मात्र उभी. हेल्पलाइनवाली गोड मुलगी सणाच्या दिवसांतही फोन करून आधी शुभेच्छा द्यायची आणि मग विचारायची. काकूही तिला आधी शुभेच्छा द्यायच्या आणि मग विचार करायच्या.

निघायच्या सकाळी काकू खाली उतरल्या. दव होतं, बोटं गारठली. एकेक गड्डा त्या मुळासकट उपसत होत्या, झटकतही नव्हत्या. लसणीची पात, वाटाण्याचे शेंडे, सगळं. चुनलिनने डिकी उघडली. मांस गेलं, बरण्या गेल्या, अंडी गेली, आणि वर मोहरी, इतकी की पाठची काच हिरवी झाली. चुनलिनने डिकी दाबली. बंद होईना. त्याने वर बसून पाहिलं. मोउ येऊन बसला. दुआन कंपनीच्या सुटात येऊन बसला. तिघं बसले तरी होईना.

गोउ काकू फाटकापाशी उभी होती. "दोरी आणू का घरून?" ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात काय होतं ते लान काकूंना बरोबर ऐकू आलं.

शेवटी एक मोठी जुडी वेइचीने मांडीवर घेतली. तिच्या नव्या पांढऱ्या कोटाला चिखल लागला. ती म्हणाली, "राहू दे, आई. खराच आहे." गाडी गेली.

काकू मागे आल्या तेव्हा वाफा रिकामा होता, नुसती भोकं. तिथं शेंग साहेब हसत उभे, हातात गव्हाच्या बियांची पिशवी, मागे दुआन, त्याच्या खांद्यावर हिरवळीची गुंडाळी. दोघांनाही वेगवेगळ्या ठिकाणांहून हुकूम होता.

"काकू, आता मोहरीच नाही," शेंग साहेब म्हणाले. "म्हणजे प्रश्नही नाही. आता तरी समाधानी म्हणा आणि आम्हाला सोडवा."

तेवढ्यात फोन वाजला. तीच मुलगी. "काकू, आपण समाधानी आहात का?"

काकूंनी फोनचा स्पीकर चालू केला आणि तो वाफ्याच्या कडेला दगडावर ठेवला.

"हे बघ पोरी," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलाची डिकी भरली, माझं काम झालं. यांनी मला फसवलं नाही, मी यांना फसवलं नाही. पण आता वसंत येतोय. माझ्या एका खिशात भोपळ्याच्या बिया आहेत. साहेबांकडे गहू आहे. या पोराकडे गवत आहे. जमीन एकच आहे, आणि ती आत्ता मोकळी आहे. आम्ही तिघं इथंच बसतो. तू तुझ्या वरच्याला जोड. त्याला सांग, त्याच्या वरच्याला जोड. असं जोडत जा, जोवर एखादा असा भेटत नाही की ज्याला खरं बोलायचा अधिकार आहे."

आणि त्या खाली बसल्या. शेंग साहेब इकडेतिकडे बघून पिशवीवर बसले. दुआन गुंडाळीवर बसला. फोनमधून आधी गाणं वाजायला लागलं, मग दुसरं गाणं.

तर वर बसलेल्यांनो, ती लाइन तुमच्यापर्यंत आलेली आहे. माती उघडी पडली आहे, ती फार काळ उघडी ठेवता येत नाही, एवढं तरी तुमच्या आज्यापणज्यांनी तुम्हाला शिकवलं असेल. फिरवू नका, दुसऱ्या खात्याकडे पाठवू नका, परडी नको. सात नंबरच्या मागे काय पेरायचं? फोन चालू आहे. बोला.